पालथ्या पाटीची ओळ

—नाय ओ ऋता मॅडम, लॅपटॉप बंद नका करू, परत दाखवा मला आमच्या ओळी कुटं गेल्या त्या. बसा ना त्या होडीवर, सुकलेली हाय, कधीची पान्यात गेलीच नाय — म्हंजे — जाऊ दे ते. एक ओळ म्हंजे एका घराचा एक दिवस, बरोबर? आमच्या दिवाळे गावातली घरं फिरून मीच भरलंय ना सगळं तुमच्या सर्वेसाठी मोबाईलवर, आज मासळी किती मिळाली त्याचा रकाना. आनि तुमी कम्प्युटरला सांगितलं, जिथं तो रकाना रिकामा ती ओळ गाळून टाक. झालं! अर्धा गाव गेला ना बाई एका फटक्यात! उरलं कोन? ज्यांच्या जाळ्यात त्या दिवशी काय तरी आलं तेच. मग खाडीत मासळी भरपूर, भरावानं काय बिगडलं नाय, असंच दिसनार की. आता त्या रिपोर्टवर खाडीत आनखी मातीचा भराव पडनार — होडी बाहेर काढायला वाट पन नाय ठेवनार.

काय? शून्य का नाय लिवलं? अवो, लिवनार कशी! आमच्यात जाळं रिकामं आलं तर 'नाय मिळालं' असं तोंडातून काढत नाय कोनी. मासळीची पाटी पालथी घालायची दारात, बस. बगनारा समजतो, इचारत नाय. मी पन नाय इचारलं — पालथी पाटी दिसली की रकाना तसाच सोडून फुडच्या दारात. मला वाटलं, रिकामं बगून तुमी पन समजाल. तुमाला वाटलं, मी भरायची इसरले. आता भांडू कोनाशी, सांगा? तुमच्याशी? तुमी तर उलट सांगायला तरी आलात.

रिपोर्ट गेला ना वर? परत नाय ना मागवता येनार? — नाय. कळलं.

आमची ओळ? एक पन नाय त्यात. कशी असेल, गनपतीपासून आमची पाटी सरळ झालीच नाय. हळू बोलते हां, आत सासूबाई लसूण ठेचतायत, कान तिखट हायत त्यांचे. धनेश, माझा नवरा, सकाळी डबा घेऊन निघतो — त्यांना वाटतं दुसऱ्याच्या होडीवर जातो. सीवूड्सच्या मॉलमदे गाड्या लावून घेतो तो, शिटी मारत. संध्याकाळी मीच पाटी पालथी घालते, म्हंजे आई काय इचारनार नाय. मला लाज वाटते ओ. भरावाचं काम थांबलं तर जाईन परत खाडीत, म्हनायचा. आता काय सांगू त्याला, माझ्याच हातानं गेलं?

लिवा ना तुमी. आता लिवा, उपेग नसू दे. आमचं घर — शून्य. काल शून्य, परवा शून्य, रोज शून्य! ऐकलात? शून्य!

—थांबा. लसूण ठेचायचा आवाज बंद झाला.

आई?

—मॅडम, तुमी जावा. जावा आता.