वीतभर जास्त

मेणाचा वास. चर्चमध्ये शिरलेली कुणाची तरी बकरी. गुनिल्डाचे ओले जोडे.

बिशप वुल्फमेर यांच्या थडग्यापुढच्या रांगेत, तिच्या पुढ्यातच एक जोडपं कुजबुजत होतं.

“नवऱ्याच्या उंचीएवढी मेणबत्ती बोलली होतीस ना? ही माझ्याहून वीतभर जास्त आहे.”

“तू समुद्रावर हरवलेला. दोरा लावून मापू कुणाला? आठवणीनं मापलं.”

“मग काप की. खोट्या मापानं नवस फिटत नाही म्हणतात.”

“कापणार नाही. बिशपांकडे मी एवढाच्या एवढा मागितला होता.”

“आणि आला हा बुटका.”

“आला ना? मग गप उभा राहा. धर इकडून, वाकतेय ती.”

हयातीत बिशप वुल्फमेर वादळातून परतलेल्या प्रत्येक खलाशाला धक्क्यावर जाऊन मिठी मारत. त्यांचं डोकं जेमतेम खलाशाच्या छातीला लागे.