समोरच्या घराची सजावट

— नाही गं, चोर असते तर एवढे भोपळे घेऊन आले असते का? मी व्हर्ना, समोरच्या पिवळ्या घरात राहते. आणि तू टेस, एमेटची लेक, शिकागोची — फोटो आहे तुझा त्याच्या फ्रिजवर. थांब, ही दिव्यांची माळ तेवढी खिळ्याला अडकवते आणि बोलते. घर तुझ्या वडलांचं आहे, माहितीये मला, आत पाऊल नाही टाकलेलं, सगळं बाहेरूनच तर करायचंय. त्याला विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

असं बघ — या गल्लीत हॅलोविन म्हणजे कुणाचं घर जास्त भुताटकीचं दिसतं, याची आम्हा दोघांची लढाई. त्यानं अंगणात एक सांगाडा उभा केला की मी दोन करायची. मी दाराशी मक्याची वाळकी ताटं बांधली, तर हा गडी गवतावर शवपेटी ठेवून स्वतःच आत झोपला, आणि मी सफरचंदाचा गरम सायडर द्यायला गेले तर उठून बसला. सगळा सायडर माझ्या बुटांत. हसू नकोस, नवे बूट होते. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी — बरं, एक दिवस. पोरं गोळ्या-चॉकलेटं मागायला आली की मी विचारायची, खरं सांगा, कुणाचं घर जास्त भारी? लबाड सगळी, तुमचंच म्हणायची. त्यालाही तेच सांगायची.

आणि यंदा हा छपराच्या पन्हळीतली पानं काढताना पडला. मीच पाहिलं खिडकीतून. म्हणजे, मी काही सारखी खिडकीत नसते, भांडी घासायची जागाच तिथं आहे. धावत गेले, तर गवतावर पडल्या पडल्या म्हणतो, 'व्हर्ना, ताटं वाकडी बांधलीस या वेळी.' खुब्याचं हाड मोडलेलं, आणि हा माझी ताटं बघतोय. अँब्युलन्स येईपर्यंत हात सोडला नाही त्यानं माझा. किंवा मी त्याचा — काय फरक पडतो.

मग ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, मुलगी येणार आहे, शिकागोला घेऊन जाणार, कायमचं. बरोबरच आहे तुझं. एकटा माणूस, त्यात हे जिने — मी काही म्हणत नाहीये. फक्त वाटलं, जायच्या आधी घर असं ओकंबोकं दिसू नये त्याला. बघ ना, मेपल कसे पेटल्यासारखे लाल झालेत, कुणीतरी पानं जाळतंय, वास येतोय ना? अख्खी गल्ली सजलीये आणि याचंच दार तेवढं रिकामं? म्हणून माझ्या घरावरचं सगळं काढून इकडे आणलं. म्हटलं, एकदा जिंकू दे त्याला.

मला? मला काय वाटायचंय. तो गेला तर भोपळे कोरून दाखवायचे कुणाला, एवढंच. आणि सूप — जास्तच होतं गं माझ्याकडून, एकटीपुरतं करताच येत नाही, म्हणून रोज इकडे आणायची. आणि खिडकीत — बरं, असते मी उभी. सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की मग मी माझी कॉफी ठेवते. नवरा गेल्यापासून कुणासाठी असं थांबले नव्हते मी. हे त्याला सांगू नकोस हं, शपथ आहे तुला. डोक्यावर बसेल. उद्या सोडतायत ना त्याला? की परवा?

का गं, अशी काय बघतेस? मागे काय आहे — तुझी गाडी? आत कोण बसलंय?

ती काच कधीपासून खाली आहे?

एमेट.

काय म्हणालास? पुढच्या वर्षी तू — पुढच्या वर्षी कुठं? इथं? म्हणजे जात नाहीयेस? टेसला सांगितलंस का हे? … येतानाच? वाटेतच ठरलं तुमचं?

आणि तू मला एवढं बोलू दिलंस, टेस?

जा, आत जा तू. दमली असशील एवढी गाडी चालवून. जा ना गं, उभी काय राहिलीस.