देवा, आहेस ना रे?

जनावरांच्या दवाखान्यात शिंपीणबाई मांडीवरच्या मांजराला थोपटत बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बाकाकडे. तिथे पिंजरा घेतलेली कुणाची तरी सून कुत्रेवाल्या काकांना सांगत होती.

"काका, आमच्याकडे बोललं की लागणारे दिवे आहेत. सासूबाई रोज संध्याकाळी हात जोडून विचारतात, 'देवा, आहेस ना रे?' की दिवा लख्ख!"

"म्हणजे देव पावला म्हणायचा!"

"देव कसला! हा पोपट माझ्या आवाजात ओरडतो, 'दिवा लाव!'"

"त्यांना ऐकू येत नाही?"

"कानाने अधू आहेत ना!"

"मग सांगून टाका की खरं!"

"कोणत्या तोंडाने सांगू? मामंजी गेल्यावर अंथरूण धरलं होतं हो त्यांनी! आता संध्याकाळ झाली की वेणीफणी करून तयार!"

"मग आज इकडे कशा?"

"परवापासून पोपट गप्प. दिवा लागेना. काल मीच दाराआडून ओरडले, तर सासूबाई माझ्यावरच कडाडल्या!"

"काय म्हणाल्या?"

"'तू कशाला घसा फोडतेस? देवाला बरं नाहीये, त्याला दवाखान्यात ने!'"

तेवढ्यात शिंपीणबाईंना आतून हाक आली.

"आमची मनी थांबेल," त्या म्हणाल्या. "आधी देवाला घ्या आत!"