उरलेल्या गोळ्या

धाकटा : एवढं मोठं हॉस्पिटल आणि बाबांना लागू पडेल असं एक औषध नाही?

ताई : औषधांनी कपाट भरलंय रे. त्यांच्या रक्तातले जंतू दाद देत नाहीत. रिपोर्टवर चौदा औषधं आहेत, तेरांपुढे फुली.

धाकटा : चौदावं?

ताई : जुनं आहे, जहाल. किडन्या जाऊ शकतात. सकाळीच सुरू केलं. डोस मीच काढला, पण स्वतःवर भरवसा वाटेना, म्हणून सहकाऱ्याकडून तपासून घेतला. इथे फार्मासिस्ट म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा.

धाकटा : मग उतरेल ना ताप?

ताई : आधी खरं सांग. मागे मी लघवीच्या जळजळीवर सात दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पुऱ्या घेतल्या?

धाकटा : दोन दिवसांत बरं वाटलं त्यांना. उरलेल्या ठेवल्या.

ताई : आणि?

धाकटा : पुन्हा जळजळ झाली की त्या. कधी नुसत्या तापालाही. संपल्या की रिकामं पाकीट दुकानात दाखवायचो. दुकानदार म्हणायचा, ताईंनी दिलेल्या ना, मग बघायलाच नको.

ताई : माझ्या नावावर! किती वेळा?

धाकटा : सहा... आठ असेल.

ताई : इथले मोठमोठे डॉक्टर मला विचारल्याशिवाय ही औषधं लिहीत नाहीत. तुला एक फोन नाही करता आला?

धाकटा : तू ओरडतेस, ताई. बाबाच म्हणायचे, तिला कळवू नकोस, लगेच तपासण्यांच्या मागे लावेल. तुला घाबरायचे ते.

ताई : मला?

धाकटा : आम्ही सगळेच.

ताई : अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत रे, निर्ढावतात.

धाकटा : माझ्यामुळे झालं का गं हे?

ताई : फक्त तुझ्यामुळे, असं म्हणता येत नाही.

धाकटा : म्हणजे माझ्यामुळे नाही?

ताई : तसंही म्हणता येत नाही.

(अतिदक्षता विभागाचं दार उघडून नर्स ताईला हाताने बोलावते.)

धाकटा : काय म्हणतेय ती? ताई, औषध लागू पडलं का?

ताई : नाही रे. तसं असतं तर धावत आली असती. भेटून घ्यायला बोलावतेय. चल, डोळे पूस.

धाकटा : कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यासमोर?

ताई : जवळ बसून हात धर. त्यांना बोलता येणार नाही, पण ऐकू येत असेल. गोळ्यांचं काढू नकोस. आणि मी ओरडले, तेही सांगू नकोस.