कल्याणीच्या नावावर आलेली ओळ

माझा संताप अजून गेलेला नाही, म्हणून सांगते. लासलगावच्या एका वजनकाट्यावर चालणारा आमचा प्रोग्राम मध्येच बंद पडला आणि प्रोग्राममधल्या कुठल्या पत्त्यावर, म्हणजे कुठल्या जागी बंद पडला, तो आकडा तेवढा मागे राहिला. अशा आकड्यावरून कोडमधली नेमकी ओळ दाखवणारी एक कमांड असते. इंदिरानगरच्या ऑफिसात आमचे प्रमुख देशमुख सर यांनी ती स्वतः चालवली. ओळ निघाली आमच्या टीममधल्या कल्याणीने लिहिलेली. ती कळवणची, नोकरी अजून कायम व्हायची होती.

"इतका निष्काळजीपणा? हिला कायम करायचं नाही," सर म्हणाले.

कल्याणी हळूच म्हणाली, "पण सर, ती ओळ मी परवाच लिहिली. काट्यावर मागच्या महिन्यातला प्रोग्राम आहे."

"कमांड खोटं सांगते का?"

मी म्हटलं, "सर, कोड बदलला की पत्ते सरकतात. तुम्ही जुन्या प्रोग्रामचा पत्ता नव्या प्रोग्राममध्ये शोधलात."

मी तोच आकडा जुन्या प्रोग्रामवर चालवून दाखवला. ओळ निघाली खुद्द सरांची.

त्यावर त्यांनी मलाच समजावलं, "हे बघा मॅडम, असल्या कमांडवरून कोणाची नोकरी ठरवायची नसते."