नावाड्याचं पानभर बोलणं

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपले मालक, मालकांच्या मातोश्री, ज्यांच्या निरोपासाठी हा एवढा मोठा हार आणलाय ते आपले संवादलेखक, लेखकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या रेकॉर्डिस्टबाई, आणि समोरची सगळी आवाजवाली, हिशेबवाली, चहावाली मंडळी व त्यांच्या घरचे लोक, सर्वांना माझा नमस्कार. कुणी राहिलं असेल तर आत्ताच हात वर करा, नंतर रुसू नका. मागच्या समारंभात मी लिफ्टवाल्यांना विसरलो आणि पुढे आठवडाभर जिने चढलो. लिफ्टवाले, तुम्हालाही नमस्कार. खास नमस्कार.

हा माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? माझं आयुष्य माइकपुढेच गेलं, पण तिथे समोर काच असते आणि काचेपलीकडे बाई असतात. चुकलं की त्या बोट वर करतात आणि आपण पुन्हा म्हणतो. इथे पुन्हा म्हणता येत नाही.

लेखकसाहेबांविषयी बोलायला मलाच का उभं केलं, देव जाणे. माझी शाळा सातवीत सुटली. इथे एम. ए. झालेली माणसं बसली आहेत. पण मालक म्हणाले, "खोकलेकाका, तुम्हीच बोला." बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो, खोकलेकाका हे माझं इथलं नाव. आपल्या स्टुडिओत जपानी कार्टून... चुकलो, कार्टून म्हटलेलं बाईंना खपत नाही... जपानी चित्रपट, हाताने काढलेल्या चित्रांचे, आपल्या भाषेत बोलते केले जातात. त्यातले म्हातारे माझ्या वाट्याला येतात. म्हातारा म्हणजे खोकणारच. खोकायचं, "पोरी, जपून जा" म्हणायचं आणि मरायचं. मी इतक्या वेळा मेलोय की घरी कुणी आता दचकत नाही. मध्ये एक घुबडही केलं होतं, पण ते तापट होतं.

तर या कामाची एक रीत आहे. चित्रातल्या माणसाचं तोंड हललं की तेवढ्यात आपलं वाक्य बसवायचं. याला ओठ जुळवणं म्हणतात. तोंड मिटलं की आपणही मिटायचं. पण माणसाने पाठ फिरवली, तर? ओठच दिसत नाहीत! मग लेखकसाहेबांना मोकळं रान. कुणी पाठमोरं दिसलं की साहेबांची लेखणी सुटलीच. एक मुलगी सायकलवरून टेकडी चढते, नुसती चढते, आणि साहेबांनी तिच्या तोंडी घातलं, "अहाहा, किती सुंदर टेकडी आहे ही!"

बाई काचेमागून म्हणाल्या, "लेखकमहाशय, टेकडी दिसतेय की."

"बाई, दिसतेय. पण ती मुलीला आवडली हे कुठे दिसतंय?"

"तिच्या केसांत दिसतंय. बघा जरा. एकेक केस वेगळा उडतोय. कुणीतरी बसून काढलेत ते."

"केस बघायला लोक कॅलेंडर आणतील. तिकीट काढून येतात ते पुढे काय झालं हे कळायला."

"पुढे काय झालं ते बसस्टॉपवरही कळतं. असं गवत कुठे दिसतं?"

हे भांडण मी किती वर्षं ऐकलं असेन? आणि खरं सांगू का, मला दोघांचंही पटायचं. साहेब बोलले की साहेबांचं, बाई बोलल्या की बाईंचं. माझा स्वभावच तसा आहे. एकदा मालकांनी बाईंचं ऐकलं आणि एक अख्खा चित्रपट जवळजवळ मुका सोडला. सुरेख होता. ढग काय, पाणी काय, नुसतं बघत राहावं. मालकांच्या मेहुण्यांनी मध्यंतरात विचारलं, "नायक कोण आहे?" मी म्हटलं, "बहुतेक गवत." मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मालक, तुम्ही हसताय, पण तेव्हा हसला नव्हतात.

आणि मग या वर्षी तो नावाड्याचा चित्रपट आला.

नदीकाठी एक म्हातारा नावाडी आहे, त्याची नात आहे. गावाला या काठावरून त्या काठावर नेणं, एवढंच त्याचं काम. शेवटी पूल होतो, नाव बांधून ठेवतात. म्हातारा घराच्या ओट्यावर बसतो आणि नदीवरचं धुकं बघतो. पाठमोरा. बराच वेळ. धुकं हळूहळू वर सरकतं, एक पक्षी उडतो, बस. त्या जागी साहेबांनी पानभर भाषण लिहिलं. आणि नावाडी कोण? मी!

अहो, पानभर! खोकला नाही, मरण नाही, सलग पानभर बोलणं. म्हातारा आपल्या गेलेल्या बायकोशी बोलतो, असं साहेबांनी लिहिलं होतं. मी ते गच्चीवर फेऱ्या मारत पाठ केलं. बायकोला शब्द कळू दिले नाहीत, म्हटलं थिएटरातच ऐकू दे. पण भाषण आहे हे मात्र सगळ्यांना सांगून बसलो. मेहुण्याला सांगितलं, साडूला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. व्याही म्हणाले, "एवढं मोठं? झेपेल ना?" ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घसा बसला तर? मध्येच विसरलो तर? मफलर गुंडाळून हिंडत होतो, तर बायको म्हणाली, "घशाला काही झालेलं नाही, तुमच्या मनाला झालंय."

रेकॉर्डिंग झालं. चांगलं झालं, स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि काच सरकवून बाई म्हणाल्या, "काका, फार छान बोललात. पण इथे बोलायचं नाहीये."

साहेब कडाडले. मालक आले. मालकांनी तोडगा काढला की इमारतीत जो कोणी असेल त्याला बोलवा, दोन्ही दाखवा, भाषण घालून आणि न घालता. जमली मंडळी. चहावाले, हिशेबनीस, लिफ्टवाले, आणि डॉक्टरकडे जाता जाता डोकावलेल्या मातोश्री.

भाषणासकट दाखवलं. हिशेबनिसांनी डोळे पुसले. चहावाले म्हणाले, "काका, काळीज चिरलंत!" मला इतका आनंद झाला की मी चुकून मालकांच्या पाठीवर थाप मारली. मग भाषण काढून दाखवलं. लिफ्टवाले म्हणाले, "आवाज गेला का?" साहेबांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू निवडणूक जिंकली.

तेवढ्यात मातोश्री म्हणाल्या, "या वेळी त्याच्या शेजारी ती बसायची गादी दिसली. मघाशी नव्हती का रे?"

गादी पहिल्यापासून होती. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला एक छोटी, चपटी गादी, मध्ये खोलगट. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून खोलगट झालेली. जपानमध्ये कुणा चित्रकाराने तो खळगा किती निगुतीने काढला असेल! आणि मी भाषणात काय म्हणत होतो? "तुझी जागा अजून तशीच आहे." सगळे मला ऐकत होते, म्हणून जागेकडे कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही. मी सवयीने ओठ शोधत होतो.

साहेबांनी कागद घेतला, पेन काढलं आणि म्हणाले, "बरं. अर्धं ठेवू."

"एक ओळ," बाई म्हणाल्या.

"चार."

"साहेब, ही काय मंडई आहे?"

"मग दोन. त्याखाली परवडत नाही."

मी काचेच्या आत उभा. ते कापायचे आणि मी वाचून दाखवायचो. माझं भाषण माझ्या डोळ्यांदेखत साबणाच्या वडीसारखं झिजत होतं. दोन ओळींची एक झाली, एकीचे दोन शब्द. शेवटी साहेबांनी तेही खोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, नुसतं 'हं' म्हणा."

हं! व्याह्यांना काय सांगू?

पण लेखकसाहेब तिथे थांबले नाहीत, हे आज सगळ्यांना कळायला हवं. ते काचेच्या आत आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं पान मनात म्हणा. जिथे संपेल तिथे 'हं' येईल." आणि बाईंनी तेवढा वेळ टेप चालू ठेवली, एकदाही बोट वर केलं नाही.

पहिल्या खेळाला आमचं सगळं गणगोत आलं होतं. धुकं आलं, गेलं. मेहुणा कानाशी कुजबुजला, "दाजी, कधी बोलणार?" मी म्हटलं, "बोललो." व्याही रीतीचे पक्के आहेत, माझ्या 'हं'बद्दल त्यांनी "ठसका छान होता" असं सांगितलं.

साहेब, परवा तुम्ही टेबल आवरत होतात. मला म्हणालात, "खोकलेकाका, जन्मभर मी गवतावर बडबड केली हो. ती नसती तरी चाललं असतं." समोरासमोर मला सुचत नाही. म्हणून आज, एवढ्या लोकांत, सांगतो.

त्या खेळानंतर आम्ही घरी गेलो. बायकोने दूध तापत ठेवलं आणि शेगडीशी उभी राहून विचारलं, "त्या गादीवर कोण बसायचं हो?" चित्रात ते कुठेच सांगितलेलं नाही. पण मला पाठ होतं. मी स्टुलावर बसलो आणि तुमचं पान तिला म्हणून दाखवलं. खोडलेलं, कापलेलं, सगळं. "साऱ्या गावाला पलीकडे नेऊन सोडलं. तुला कधी विचारलं नाही, तुला कुठे जायचंय ते." दूध उतू गेलं, साहेब. शेगडीवर चर्र झालं. ती शेजारीच उभी होती, पण तिचा हात हलला नाही. माझं पान संपेपर्यंत नाही.

मग म्हणाली, "आणि मला कधी विचारलंत?"

त्यावर काय बोलणं झालं ते आमच्या घरातलं आहे. पण गादी दिसली नसती तर तिने विचारलं नसतं, आणि पान लिहिलं नसतं तर माझ्याजवळ उत्तर नसतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्या बहिणीकडे राहायला निघालोय, महिनाभर. तिला केव्हापासून जायचं होतं म्हणे.

तेव्हा साहेब, तुमचे आभार. बाई, तुमचेही. मालक, सुट्टीचा अर्ज सकाळी टेबलावर ठेवलाय, तेवढा बघा. बोलता बोलता कुणाला लागलं असेल, मान कमी-जास्त झाला असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं. नमस्कार.