रंगखात्यातला पंखा

डोंबिवलीत रिक्षाच्या रांगेत कल्पिताच्या पुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याचा खोकला काही थांबत नव्हता.

“आज युनियनचं आणि मॅनेजमेंटचं एकत्र ट्रेनिंग होतं ना? मग रंगखात्यातला वास बाहेर ओढणारा पंखा मिळाला का?”

“अगं, आज नुसतं नाटक होतं. मला मॅनेजर केलेलं, साहेबांना कामगार.”

“बरं, मग?”

“साहेबांनी टेबलावर हात आपटून पंखा मागितला.”

“आणि तुम्ही?”

“म्हटलं, बघू पुढच्या वर्षी.”

“अहो, स्वतःच्या छातीसाठी तरी हो म्हणायचं!”

“खुर्चीत बसलो आणि तोंडातून तेच आलं.”

तो पुन्हा खोकला. रांग पुढे सरकली.

“सोमवारी कमिटीची खरी मीटिंग आहे ना? तिथे पंखा मागायला साहेबांनाच पाठवा. तुम्ही घरी बसा.”